कंपाउंड धनुष्याचे ट्यूनिंग ठरलेल्या तारखेला करावे, की गरज पडेल तेव्हा?

धागा सुरू करणारा : सोलापुरात आम्ही ज्या कंपाउंड धनुष्यांवर (टोकांना कॅम नावाची चाके आणि त्यांना जोडलेल्या केबल असलेली धनुष्ये) सराव करतो, त्यांतली काही मुळात परदेशात शिकारीसाठी बनवलेली आहेत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी असल्याने ती फक्त लक्ष्यफलकावर वापरली जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र धनुष्यासोबत 'वर्षातून एकदा, हंगामाआधी ट्यूनिंग करा', म्हणजे बाण सरळ जावा म्हणून धनुष्याचे भाग नीट जुळवा, हा तिकडचा सल्लाही आपण जसाच्या तसा उचलला. तिकडचा हौशी शिकारी वर्षभरात जेवढे बाण सोडतो, तेवढे आमची मुले काही आठवड्यांत सोडतात. त्यामुळे वर्षाचा हिशोब इथे लागू पडत नाही.

पण म्हणून दर तीन महिन्यांनी धनुष्य उघडून बसणेही मला पटत नाही. दोरी, केबल आणि सर्व्हिंग (त्यांवर गुंडाळलेले दोऱ्याचे संरक्षक वेष्टन) रोज सरावाआधी पाहावे, दोरी कोरडी किंवा केसाळ दिसली की वॅक्स लावावे, ब्रेस हाइट (न ताणलेली दोरी आणि पकड यांतले अंतर), दोन्ही अ‍ॅक्सलमधले (कॅमच्या आसांमधले) अंतर आणि कॅमवरच्या खुणा आठवड्याला वहीत नोंदवाव्यात. माप हलले तरच ट्यूनिंगला हात लावावा. पेपर ट्यूनिंगमध्ये, म्हणजे बाण कागदातून सोडून फाट तपासताना, कागद वाकडा फाटला की आपण लगेच रेस्ट (बाण टेकवायचा आधार) सरकवतो, पण नवशिक्याच्या बाबतीत दोष पुष्कळदा पकडीचा असतो. मूठ पिळली जात असताना धनुष्य जुळवले, तर हाताची चूक धनुष्यात बसवल्यासारखे होते आणि पुढे पकड सुधारली की बाण पुन्हा भरकटतो.

प्रतिसाद, एक प्रशिक्षक : मी असहमत आहे. बारा-चौदा वर्षांची मुले वही भरत नाहीत, आणि पालकांना ब्रेस हाइट म्हणजे काय हे सांगण्यातच वर्ष जाते. शिवाय रोज डोळ्यासमोर असणाऱ्या मुलाची उंची वाढलेली जशी घरच्यांना कळत नाही, तसेच कॅमचे टायमिंग (दोन्ही कॅम एकाच वेळी फिरणे) थोडेथोडे सरकलेले रोज नेमबाजी करणाऱ्याला कळत नाही. गेल्या मे महिन्यात एका विद्यार्थिनीच्या केबलचे सर्व्हिंग कॅमपाशी सुटलेले मला केवळ ठरलेल्या तारखेच्या तपासणीत दिसले.

शिकाऱ्यांचा सल्ला ढिला आहे, हेही मला मान्य नाही. शिकारीच्या बाणाचे रुंद पाते पुढच्या टोकाला पंखासारखे काम करते, त्यामुळे साध्या टोकाच्या बाणात झाकला जाणारा ट्यूनिंगचा दोष तिथे उघडा पडतो. नेम चुकून जनावर जखमी होऊ नये, म्हणून जबाबदार शिकारी हंगामाआधी त्याच टोकांनी धनुष्य जुळवतो. तारीख पाळण्यामागे ही शिस्त आहे.

प्रतिसाद, यंत्रमागावर काम केलेला पालक : मागावर ताणा सैल पडला की कापडात दोष येतो, म्हणून आम्ही ताण तपासत राहतो. माझ्या मते महिन्यांपेक्षा ऋतू पाहावा. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीत ठेवलेल्या धनुष्याचे काय होत असेल? एप्रिल-मे संपला की पूर्ण ट्यूनिंग व्हायलाच हवे.

धागा सुरू करणारा : उन्हाचा मुद्दा मोलाचा आहे, फक्त दोरीचा धागा सुती नसतो. दोरीत वापरला जाणारा डायनीमा हा कृत्रिम धागा पाणी जवळजवळ शोषत नाही, पण सततच्या ताणाखाली हळूहळू लांबतो आणि उष्णतेत जास्त लांबतो. ही वाढ रोखण्यासाठीच काही दोऱ्यांत व्हेक्ट्रान हा दुसरा कृत्रिम धागा मिसळतात. म्हणून उन्हाळ्यात मापे अधिक वेळा घ्यावीत आणि धनुष्य गाडीत मुळीच ठेवू नये, पण जूनमध्ये मापे जागेवर असतील तर ट्यूनिंग कशासाठी करायचे?

केबलच्या बाबतीत प्रशिक्षकांचे म्हणणे मी स्वीकारतो. महिन्यातून एकदा दुसऱ्या जाणत्या माणसाने धनुष्य तपासावे आणि सर्व्हिंग सुटलेले दिसताच बाण सोडणे थांबवावे. बो प्रेस (धनुष्य दाबून धरून दोरीवरचा ताण उतरवणारे यंत्र) नसताना केबल काढण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. लिंबमध्ये (धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्यांत) साठलेला ताण हात मोडू शकतो.

प्रशिक्षक : मासिक तपासणी चालेल. पण ज्याच्या वहीत नोंद नसेल, त्याचे धनुष्य मी तीन महिन्यांनी पूर्ण जुळवणारच. माप हलले की नाही, हे ठरवायला आधीचे माप हवे, आणि माझ्याकडच्या बहुतेक मुलांकडे आज ते नाही.