मदत हवी आहे : २.२ मीटर पंखांचं फोमचं रिमोटचं विमान तिसऱ्यांदा आपटलं, रिसीव्हर कुठला घेऊ?

वडगावचा_वैमानिक
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. घरी बनवलेलं पायपर कब (खऱ्या छोट्या विमानाची नक्कल), निळ्या एक्सपीएस फोमचं. काल संध्याकाळी येळ्ळूरच्या शिवारात तिसऱ्यांदा आपटलं. वळताना अचानक ऐकेनासं होतं आणि नाक खाली घालतं. रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर गंडलाय हे उघड आहे. दोन हजारांच्या आत चांगला कुठला, तेवढं सांगा. रविवारी परत उडवायचंय. भातकापणी झालीय म्हणून शेतं मोकळी आहेत, कडधान्य पेरलं की संपलं.

तात्या_निपाणीकर
सीजी (तोल राहतो तो बिंदू) कुठे आहे? पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर पाहिजे. फोमवाली पोरं शेपटीला गोंद थापतात आणि मग रेडिओला शिव्या देतात.

वडगावचा_वैमानिक
सीजी बरोबर आहे हो तात्या. रिसीव्हर विचारलाय.

उद्यमबागी
वजन? बॅटरी? मोटर? पंख-शेपटीच्या फळ्या हलवणारे सर्वो किती आणि कुठले? आणि 'वळताना' म्हणजे नेमकं कधी? काहीच सांगितलं नाहीस आणि निदान मात्र करून मोकळा.

वडगावचा_वैमानिक
३.४ किलो. ६एस (सहा सेलची) ५००० एमएएच बॅटरी, ४०० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला ४०० फेरे) मोटर, १६×८ इंची पंखा, ८० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा). सर्वो नेहमीचेच.

बाल्साप्रेमी
एवढं मोठं विमान फोममध्ये करूच नये. बाल्सा आणि पेट्रोल इंजिन घे, आयुष्यभर नाव काढशील.

वडगावचा_वैमानिक
बाल्साचं तीनदा आपटलं असतं तर मीही आयुष्यभर नाव काढलं असतं, तुमचं. फोम रात्री चिकटवला की सकाळी तयार.

बाल्साप्रेमी
चिकटवतोस कशाने? सुपरग्लू लावू नकोस, फोम खातो तो.

वडगावचा_वैमानिक
माहीत आहे! चिकटवण्याबद्दल विचारलेलंच नाही!

खानापूरची_लेक
ती निळी शीट मिळाली कुठे? आमच्या पत्र्याखाली लावायची आहे, उन्हाळ्यात वरची खोली भट्टी होते.

उद्यमबागी
ताई, छताच्या इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. १२५० × ६०० मिमीची येते, पत्र्याखाली ५० मिमी जाडीची घ्या.
वैमानिका, 'नेहमीचे' म्हणजे कुठले सर्वो ते सांग की.

वडगावचा_वैमानिक
धातूच्या गिअरचे, ५५ ग्रॅमवाले. सहा. दोन एलेरॉनला (विमान कलवायला), दोन फ्लॅपला (उतरताना वेग कमी करायला), एक एलेव्हेटर (नाक वर-खाली), एक रडर (नाक डावी-उजवीकडे).

उद्यमबागी
फ्लॅप आहेत? हे आत्ता सांगतोयस?

वडगावचा_वैमानिक
कबला फ्लॅप मीच वाढवलेत. उतरायला बरं पडतं. तिन्ही वेळा उतरायच्या वळणावरच पडलं, फ्लॅप टाकल्यावर.

तात्या_निपाणीकर
झालं, सापडलं. टिप स्टॉल, म्हणजे वेग कमी पडून पंखाच्या टोकाची उचल जाते. फ्लॅप टाकले, वेग गेला, त्यात वळवलंस, आतला पंख पडला. शिवाय बेळगाव साडेसातशे मीटरवर, हवा विरळ, स्टॉलचा वेग वाढतो. पंखाच्या टोकांना दोन अंश वॉशआउट दे, म्हणजे टोकाची पुढची कड किंचित खाली पीळ.

उद्यमबागी
तात्या, त्या उंचीने वेग तीन-चार टक्के वाढतो. त्याने तिनदा विमान पडत नाही. पडण्याआधी मोटरचा आवाज कसा होता?

ऊसवाला_चिकोडी
मोठं विमान आहे तर औषध फवारता येईल का? दोन एकर ऊस आहे, आत शिरता येत नाही.

वडगावचा_वैमानिक
नाही हो, फवारणीला टाकीचा ड्रोन लागतो.
आवाजाचं म्हणाल तर धाकट्याने मोबाइलवर घेतलंय. आता लक्ष देऊन ऐकलं. फ्लॅप खाली जातात, मोटर सेकंदभर गप्प, परत फिरते, तोवर विमान भाताच्या खुंटांत.

उद्यमबागी
स्टॉलमध्ये मोटर आपोआप गप्प होत नाही. रिसीव्हर उपाशी पडून रीस्टार्ट होतोय. सहाही सर्वोंना वीज ईएससीच्या बीईसीतूनच (रिसीव्हर-सर्वोंना कमी व्होल्टची वीज देणारा भाग) जातेय ना? त्यावर किती लिहिलंय?

वडगावचा_वैमानिक
५ व्होल्ट, ३ अँपिअर.

उद्यमबागी
जोर पडला की तसला एकच सर्वो दोन-अडीच अँपिअर ओढतो. तुझे दोन फ्लॅप आणि दोन एलेरॉन एकदम हवेशी झटतात. आधी मोटरचा पंखा काढ. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर मीटर लाव, धाकट्याला फ्लॅप हाताने दाबून धरायला सांग आणि रिमोटच्या सगळ्या काठ्या एकदम फिरव.

सांबऱ्याचा_शेजारी
उडवताय कुठे ते सरकारच्या डिजिटल स्कायच्या ड्रोन-नकाशावर बघून घ्या. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दल दोन्ही आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर गेलात की हिरवा (मोकळा) संपून पिवळा (परवानगीचा) विभाग लागतो.

वडगावचा_वैमानिक
बघितलंय, मी शंभर फुटांच्या वर जातच नाही.
मीटर लावला. ५.१ वरून ३.७. रिसीव्हरचा दिवा विझला आणि परत लागला. धाकटा म्हणाला, "दादा, हे तर घरातल्या लाइटसारखं करूलालंय."

उद्यमबागी
नवा रिसीव्हरही असाच विझेल. वेगळा यूबीईसी (स्वतंत्र बीईसी) लाव, ६ व्होल्ट, १० अँपिअरचा, बॅटरीतून थेट. ईएससीच्या प्लगमधली मधली लाल तार बाहेर काढून टेप गुंडाळ, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतील.

वडगावचा_वैमानिक
ऑनलाइन मागवला तर मंगळवार उजाडेल.

उद्यमबागी
माझ्याकडे एक पडलाय. संध्याकाळी सहाला तिसऱ्या रेल्वे गेटजवळ ये. रविवारी परत दे.

तात्या_निपाणीकर
वॉशआउट तरी दे रे. रविवारी किती वाजता? नातवाला घेऊन येतो.

वडगावचा_वैमानिक
सातला, वारा उठायच्या आत. वॉशआउटचं बघतो तात्या, पंख तसाही तुटलाच आहे.