मदत हवी आहे: दुसऱ्या रुग्णालयांतल्या चुकांमधून शिकायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी एका रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात काम करते. गेल्या महिन्यात आमच्याकडे तीव्र पोटॅशियम क्लोराइडची (पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पाडू शकणारं औषध) अँप्यूल, म्हणजे छोटी कुपी, साधं सलाईन समजून सिरिंजमध्ये भरली गेली. सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं म्हणून रुग्ण वाचला. ही चूक जगभर कितीदा तरी झाली आहे, उपायही जुनाच: ही अँप्यूल साध्या वॉर्डात ठेवायचीच नाही. आम्हाला मात्र स्वतःला ठेच लागल्यावर शहाणपण आलं.

व्हिन्क्रिस्टीनचंही तेच. शिरेतून द्यायचं हे कर्करोगावरचं औषध चुकून मणक्यातल्या द्रवात गेलं तर रुग्ण क्वचितच वाचतो. सिरिंजऐवजी छोट्या सलाईन पिशवीतून द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच बजावलं होतं. पिशवी कुणी मणक्यात टोचायला जाणार नाही, इतका सोपा विचार!

तर विचारायचं असं, की बाहेरून आलेले असे इशारे तुमच्याकडे नेमकं कोण वाचतं? आमच्याकडे मेल येतो, सगळ्यांना फॉरवर्ड होतो, नोटीस बोर्डावर चिकटतो, संपलं. औषधांचं कपाट मात्र तसंच राहतं. ते बदललं की नाही हे कुणी तपासतं का?

दुसरी अडचण आमच्या घटना इतरांना कळवण्याची. नावं काढली तरी छोट्या विभागात कोण ते लगेच ओळखू येतं, आणि सिस्टर बिचाऱ्या धास्तावतात. तपशील गाळले तर शिकण्यासारखं काही उरत नाही. कुणी हा तोल साधला असेल तर कृपया सांगा. एखादा नमुना अर्ज असेल तर फारच बरं.