रेल्स + पीजीबाउन्सर: ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट ए१ आधीच अस्तित्वात आहे’

प्रश्न: रेल्स (रूबीतलं वेब फ्रेमवर्क) अॅप आहे. पोस्टग्रेस डेटाबेसपुढे पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन्स अनेकांत वाटून देणारा पूलर) लावला, पूल मोड ट्रान्झॅक्शन, म्हणजे कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं. लोड वाढला की मधूनच शीर्षकातली एरर येते, कधी ‘अस्तित्वात नाही’ अशीही. लोकल मशीनवर काहीच होत नाही.

उत्तर १: प्रिपेअर्ड स्टेटमेंट (नाव देऊन आधीच तयार ठेवलेली क्वेरी) त्या एका सर्व्हर कनेक्शनपुरतंच असतं. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये प्रत्येक ट्रान्झॅक्शनला वेगळं कनेक्शन मिळू शकतं. रेल्सचं प्रत्येक कनेक्शन आपली नावं ए१, ए२ अशीच मोजत जातं, म्हणून टक्कर होते. लोकलला मध्ये पूलर नाही, म्हणून दिसत नाही. डेटाबेस डॉट वायएमएल या सेटिंग्जच्या फाइलमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स ‘फॉल्स’ करा आणि सगळ्या प्रोसेस रीस्टार्ट करा. साइडकिक (मागे कामं चालवणारी प्रोसेस) विसरू नका, हमखास राहतो.

प्रश्नकर्ता: प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स बंद केल्यावर मग एसक्यूएल इंजेक्शनचं (इनपुटमधून क्वेरीत घातक एसक्यूएल घुसवण्याचं) काय?

उत्तर १: व्हेअरमध्ये हॅश किंवा प्रश्नचिन्ह वापरत असाल तर रेल्स व्हॅल्यू एस्केप करूनच (घातक चिन्हं निष्प्रभ करूनच) पाठवतं. स्ट्रिंगमध्ये पॅराम्स (युजरकडून आलेल्या व्हॅल्यू) थेट घुसवलेत, तर धोका आधीही होताच.

उत्तर २: पीजीबाउन्सर १.२१ पासून ट्रान्झॅक्शन मोडमध्येही प्रोटोकॉल पातळीवरची (ड्रायव्हरने पाठवलेली) प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स चालतात; त्यासाठी त्याचं मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स हे सेटिंग शून्याच्या वर हवं. पण एसक्यूएलमधून दिलेलं प्रिपेअर किंवा एकेका नावाचं डीअॅलोकेट (ते स्टेटमेंट काढून टाकणं) त्यात सांभाळलं जात नाही. आणि मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवरूनच चालवा. रेल्स तिथे सेशनभराचं अॅडव्हायझरी लॉक (एका वेळी एकच मायग्रेशन चालावं म्हणून) घेतं, ते पूलरमागे अडकतं.