शेवटचे सामने नुसते उरकायचे नसतात
अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल कुणीतरी म्हणतं, 'कॉन्फरन्सची (म्हणजे कॉलेजांच्या गटाची) स्पर्धा जिंकणाराच थेट राष्ट्रीय फेरीत जातो, मग फेब्रुवारीतल्या साखळी सामन्यांत काय राहिलं?' हे पटलं नाही. न्यू इंग्लंडमधल्या छोट्या कॉलेजांची कॉन्फरन्स, नेस्कॅकच बघा ना. विल्यम्स, ॲमहर्स्ट धरून ११ कॉलेजं, प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे सामने फक्त १०. पहिले आठ पुढे, तिघे घरी. त्यात वरच्या क्रमांकाला उपांत्यपूर्व सामना स्वतःच्या जिममध्ये मिळतो, आणि त्या छोट्या, खच्चून भरलेल्या जिममध्ये पाहुण्यांची काय गत होते ते विचारू नका! शिवाय शुक्रवारी रात्री एक सामना, शनिवारी लगेच दुसरा. मेन राज्यातल्या पोरांनी बसने कनेटिकट राज्य गाठायचं, तेही क्रीडा शिष्यवृत्तीचा एक छदाम न घेता. नेस्कॅक ज्यात खेळते त्या डिव्हिजन थ्रीत, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत, ती शिष्यवृत्ती नसतेच. दुसऱ्या दिवशी पाय जड पडले की आठवा नंबर नववा व्हायला कितीसा वेळ लागतो?