गोधडीचे नमुने आपण कसे सांभाळता? (अनुभव धागा)

गोधडीचा छंद वाढत जातो तसे नमुन्यांचे कागद, पुठ्ठ्याचे साचे, मासिकांतली कात्रणे आणि मोबाइलमधली छायाचित्रेही वाढत जातात आणि एका टप्प्यावर जुना नमुना शोधण्यापेक्षा नवा आखणे सोपे वाटू लागते. गोव्यात त्यात पावसाची भर पडते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात मुरलेली दमट हवा यांमुळे कोरड्या प्रदेशातल्या पद्धती इथे जशाच्या तशा चालत नाहीत. म्हणून इथल्या सर्व गोधडीप्रेमींना विनंती आहे की आपापली व्यवस्था कारणांसह लिहावी.

सुरुवात मी करते. माझे नमुने नावाप्रमाणे नव्हे, तर चौकोनाच्या तयार मापाप्रमाणे लावलेले आहेत : ६ इंच, ९ इंच, १२ इंच आणि किनारींचा स्वतंत्र गठ्ठा. एकच नमुना निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळ्या नावांनी येतो, त्यामुळे नावावर भरवसा ठेवता येत नाही. उलट शिवायला बसताना पलंगाचे माप आणि त्यात बसणारे चौकोन हाच पहिला विचार असतो. प्रत्येक पाकिटावर तयार माप, कापायचे माप, तुकड्यांची संख्या आणि शिवणीचा पाव इंच साच्यात धरला आहे की नाही, एवढे लिहिलेले असते. नऊ तुकड्यांचा १२ इंची चौकोन घेतला तर प्रत्येक तुकडा तयार होऊन ४ इंचांचा होतो, पण कापताना साडेचार इंचांचा घ्यावा लागतो. हा दोन्ही बाजूंच्या शिवणीचा अर्धा इंच पाकिटावर लिहिलेला नसेल तर वर्षभराने हाती आलेला साचा कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे कठीण जाते, म्हणून ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते.
(फोंडा)

आमचे घर जुने आहे, जाड मातीच्या भिंतींचे, आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेली प्रत्येक वस्तू ओल धरते. म्हणून नमुन्यांचे डबे भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवले आहेत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालते. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांनी ओल पुरेशी शोषलेली असते. मग ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसच्या पुढे न जाता ते तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र डबा बंद करण्याचा दिवस विचारपूर्वक निवडावा लागतो. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात कागद पसरून, पूर्ण निवल्यावर मी डबे भरते, कारण दमट दिवशी बंद केलेल्या डब्यात ओल आतच कोंडली जाते आणि बुरशीला तेवढे पुरते. चवथीपूर्वीच्या साफसफाईत डबे बाहेर निघतात, पण तेव्हा पाऊस चालू असल्यामुळे ते पुसून पुन्हा ठेवायचे, उघडायचे नाहीत, असा आमच्या घरचा नियम आहे.

कागद खाणाऱ्या कसरीविषयीही लिहावेसे वाटते. तिला खळ आणि पिठाचा डिंक फार आवडतो, म्हणून पुठ्ठ्यावर नमुना चिकटवण्यासाठी घरी शिजवलेली खळ मी वापरत नाही. टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि रबर बँडही गठ्ठ्यात नकोत; पिना गंजून कागदावर तपकिरी डाग सोडतात आणि रबर चिकट होऊन कागद घेऊनच सुटते. सुती नाडी बांधली तर यांतले काहीच होत नाही.
(माशेल)

माझा भर साच्यांवर आहे. पुठ्ठ्याच्या साच्याभोवती पेन्सिल फिरवता फिरवता त्याची कड झिजते आणि मग शेवटचे तुकडे पहिल्या तुकड्यांशी जुळत नाहीत. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे साचे ओलीने फुगत नाहीत आणि कडही टिकते. एका नमुन्याच्या सगळ्या साच्यांना भोक पाडून ते एका कडीत ओवते आणि प्रत्येकावर अक्षर, संख्या व कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा दाखवणारा बाण काढते. मूळ आखणी बटर पेपरवर वेगळी ठेवलेली असते. ती कापायची नाही.
(डिचोली)

पणजीतल्या जुन्या घरांच्या फरश्या आणि देवळांच्या भिंतींवरचे कावीकाम यांवरून मी नमुने काढतो. कावीकामात पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो खरवडतात आणि खालचा पांढरा रंग उघडा करतात, त्यामुळे आकृती दोनच रंगांत स्पष्ट दिसते आणि कापडात उतरवायला सोयीची असते. अशा संग्रहात छायाचित्रे फार लवकर साठतात. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच संपूर्ण छायाचित्र ठेवतो आणि दुसरे फक्त पुन्हा पुन्हा येणाऱ्या एककाचे, अगदी समोरून, शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेले. तिरप्या छायाचित्रातला चौकोन चौकोन राहत नाही आणि त्यावरून आखणी करता येत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग गाव, मग आकृतीचा प्रकार लिहितो. एक प्रत संगणकावर आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर असते. घरमालकांना विचारल्याशिवाय आतल्या फरशीचे छायाचित्र घेऊ नये, हेही इथे नमूद करतो.
(पणजी)

विकत घेतलेल्या पीडीएफ नमुन्यांबद्दल एक उपयुक्त गोष्ट. अमेरिकेतले नमुने बहुधा लेटर आकाराच्या कागदासाठी केलेले असतात. तो २१६ मिलिमीटर रुंद असतो आणि आपला ए-फोर २१०, म्हणून 'पानात बसवा' हा पर्याय चालू असेल तर छपाई साधारण ९७ टक्के मापाची होते आणि १२ इंचांचा चौकोन ११.६ इंचांवर येतो. मी १०० टक्क्यांवरच छापते, पानावरचा एक इंचाचा चाचणी चौकोन पट्टीने मोजते आणि 'माप तपासले' असे त्या छापील पानावर लिहूनच ते फाइलला लावते. पीडीएफची प्रत मैत्रिणींना पाठवत नाही. नमुना आखणाऱ्या व्यक्तीची ती उपजीविका असते.
(पर्वरी)

वरील सर्व पद्धती कागदावरच्या नमुन्यांसाठी आहेत. आमच्याकडून सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर आणि हल्याळ परिसरात, सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी नावाची गोधडी शिवतात. या समाजाच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात आणले गेले होते. कवंदीला आखलेला नमुना नसतो. शिवण कडेपासून सुरू होऊन धावदोऱ्याने फेऱ्या घेत मध्यभागाकडे जाते आणि कोपऱ्यांना घडी घातलेले लहान तुकडे लावतात, त्यांना फुले म्हणतात. अशा कामाची नोंद ठेवायची तर तयार गोधडीचे छायाचित्र पुरत नाही. मी शिकताना प्रत्येक फेरीनंतर छायाचित्र घेते, तुकडे कोणत्या क्रमाने लागले ते वहीत लिहिते आणि ज्यांच्याकडून शिकते त्यांची परवानगी असेल तर त्यांचे नावही त्या पानावर नोंदवते. कोपऱ्याच्या फुलाचा कापडी नमुना शिवून त्याच पानाला टाक्यांनी जोडला आहे, कारण घडी कशी पडते हे चित्रापेक्षा बोटांना लवकर कळते.
(काणकोण)

माशेलच्या ताईंच्या मजकुराला एक जोड देते. झेरॉक्सच्या प्रती पीव्हीसीच्या मऊ, चकचकीत पाऊचमध्ये ठेवू नयेत, कारण त्या प्लास्टिकमधल्या मऊपणा आणणाऱ्या द्रव्याने टोनर सैल होतो आणि रेषा पाऊचला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनच्या पाऊचमध्ये असे होत नाही. खरेदी करताना पाकिटावर 'पीपी' लिहिले आहे का ते पाहावे. ज्यांच्याकडे आधीच पीव्हीसीचे पाऊच आहेत, त्यांनी झेरॉक्स आणि पाऊच यांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी कोरा कागद घालावा, आणि शक्य होईल तेव्हा पाऊच बदलावेत.
(म्हापसा)