‘श्रीमयी’ रडकी नव्हती. दूध त्यांचे होते, पाणी आपले

शीवकर

‘आई कुठे काय करते!’ एवढी रेंगाळली याचे खापर मूळ बंगाली मालिकेवर फोडणारा एक लेख काल येथे वाचला. बंगाली मालिका म्हणजे सोसणे, रडणे आणि पुन्हा सोसणे, असे त्या लेखकाचे म्हणणे आहे. मूळ मालिकेचा एकही भाग न पाहता हे लिहिले आहे, हे ओळीओळीतून कळते. स्टार जलसा या बंगाली वाहिनीवरची ही मूळ मालिका ‘श्रीमयी’ जून २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये संपली. आपली मराठी आवृत्ती डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ दुप्पट चालली. मग लांबण कोणी लावली? लीना गंगोपाध्याय यांनी लिहिलेली श्रीमयी घर सांभाळते, नवऱ्याचे कार्यालयातल्या जून गुहाशी असलेले प्रकरण कळल्यावर कोसळते, पण तेथेच पडून राहत नाही. मुले हाताशी आलेली असताना ती रोहित सेनशी दुसरे लग्न करते. आणि भूमिका कोणाची, तर ‘दहन’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या इंद्राणी हालदार यांची. सगळे घर टेबलावर नाश्ता करत आहे आणि ही एकटी उभी राहून वाढते आहे, या एवढ्याशा दृश्यात त्या जे करतात, त्याला रडणे म्हणणाऱ्याचे डोळे तपासून घ्यायला हवेत.

निवृत्त_पेठकर

शीवकर, आपल्या डोळ्यांना आवडले म्हणून ते थोर ठरत नाही. अडीच वर्षे रोज संध्याकाळी एका कुटुंबाचा कलह दाखवणे यालाच आपण आटोपशीर म्हणत असाल, तर आपल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. या लेखिका गंगोपाध्याय बाई पश्चिम बंगालच्या राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षपदीही होत्या, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. दिवसा बायकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी त्याच तक्रारींवर जाहिराती विकणाऱ्या वाहिनीसाठी लिहायचे, याचे मला तरी कौतुक वाटत नाही.

माझा खरा संताप मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. बंगालीतल्या ‘के आपन के पर’ची ‘सुख म्हणजे नक्की काय असतं!’ झाली, ‘खडकुटो’ची ‘ठिपक्यांची रांगोळी’ झाली, ‘श्रीमयी’ची ‘आई’ झाली. आमच्याकडचे लेखक काय संपावर गेले आहेत? सेनगुप्तांचे देशमुख करायचे, माशाच्या कालवणाऐवजी पुरणपोळी दाखवायची आणि त्याला मराठी मालिका म्हणायचे, हा कारकुनी उद्योग आहे.

गरियाहाटची_सून

मी मूळची सांगलीची आणि लग्न होऊन कोलकात्यात आलेली. आपण दोघेही श्रीमयीवर भांडत आहात, पण येथे बोलले गेले ते जून गुहाविषयी. उषसी चक्रवर्ती यांनी ती भूमिका केली आणि ‘जून आंटी’च्या विनोदी चित्रांनी सगळ्यांचे फोन भरून गेले. आमच्या इमारतीत एक एकटी राहणारी, केस बारीक कापलेली, नोकरी करणारी बाई भाड्याने राहायला आली, तर दुसऱ्याच दिवशी लिफ्टपाशी तिचे नाव जून आंटी पडले. तिने कोणाचा संसार मोडला होता? कोणाचाही नाही.

माझ्या सासूबाई मुडीची, म्हणजे कुरमुऱ्यांची, वाटी घेऊन मालिकेला बसत. पडद्यावर जून आली की वाटी खाली ठेवून तिचा उद्धार करत. बायकोला फसवणारा अनिंद्य आला की मात्र वाटी पुन्हा हातात येई आणि त्या म्हणत, “पुरुषमानुष तो!” म्हणजे शेवटी पुरुषच ना! श्रीमयी घराबाहेर पडली म्हणून मालिकेला पुरोगामी ठरवण्याआधी शीवकरांनी याचे उत्तर द्यावे.

ठाणेकर_ताई

उत्तर मी देते. दुसरीच्या संसारात शिरणारीला हार घालायचे का? माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत हेच घडले आहे, त्यामुळे मला हे शहाणपण ऐकवत नाही. नवरा रात्री उशिरा यायचा आणि सासू सांगायची, “तूच नीट राहत नाहीस.” मराठीतली श्रीमयी, म्हणजे अरुंधती, देशमुखांच्या ‘समृद्धी’ या घरातून बाहेर पडली, त्याच आठवड्यात माझ्या बहिणीने लॉकरची किल्ली मागून घेतली आणि बँकेत स्वतःच्या नावाचे खाते उघडले. पेठकरकाका, आपल्या त्या कारकुनी उद्योगाने एका बाईला एवढे बळ दिले. आपल्या अस्सल मराठी साहित्याने तिला काय दिले, ते सांगा.

निवृत्त_पेठकर

खाते बँकेने उघडले, वाहिनीने नव्हे. आणि मी आपला काका नाही.

नाव_नको

ठाणेकर ताई, तुमच्या बहिणीविषयी मला वाईट वाटते आणि हे मी मनापासून लिहीत आहे. पण दुसऱ्या बाजूच्या घरातून कोणी तरी बोलायला हवे. माझी आई ही माझ्या वडिलांची दुसरी बायको. पहिल्या लग्नाचा घटस्फोट आई त्यांना भेटण्याआधीच झाला होता, तरी मालिका सुरू झाल्यावर आमच्या चाळीत तिला पाठीमागे ‘संजना’, म्हणजे मराठीतली जून गुहा, म्हणू लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे येईनासे झाले. इंजेक्शन टोचून घ्यायला मात्र त्याच बायका आमच्या दारात येत, कारण आई परिचारिका आहे. आजी बाथरूममध्ये पडली, तेव्हा तिची पाठ चोळण्यापासून बेडपॅनपर्यंत सगळे आईने केले. हे दृश्य ना बंगालीत दिसले, ना मराठीत.

ठाणेकर_ताई

तुमच्या आईंनी कोणाला फसवले नाही, मग त्या ‘संजना’ कशा? तुम्ही उगाच अंगाला लावून घेत आहात.

नाव_नको

मी लावून घेतले नाही, चाळीने लावले. तोच तर माझा मुद्दा आहे.

शीवकर

मूळ विषय बाजूला पडला आहे, तरी उत्तर देतो. मालिकेने दुसरीला नुसती राक्षसीण केली, हे मला अमान्य आहे. मराठीत संजनाचे लग्न झाल्यावर तिच्याही वाट्याला अरुंधतीचा नवरा तोच अनिरुद्ध आला, तोच अहंकार आणि तेच टोमणे आले. दोष त्या पुरुषात आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगायचे?

गरियाहाटची_सून

ते दाखवायला किती भाग खर्च झाले आणि तोवर शिव्या कोणी खाल्ल्या? यामागे साधा हिशेब आहे. येथे दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. नवऱ्याला पुरता खलनायक केला तर त्याच छपराखाली त्याला वर्षानुवर्षे ठेवता येत नाही, आणि मालिका तर त्याच दिवाणखान्यात चालवायची असते. म्हणून तो अधूनमधून पस्तावणारा, आईसमोर मान खाली घालणारा राहतो आणि कारस्थाने बाहेरून आलेल्या बाईच्या माथी मारली जातात. लीनादींना हे कळत नाही असे मी म्हणणार नाही. त्या नको इतक्या हुशार आहेत.

निवृत्त_पेठकर

सूनबाईंनी या धाग्यावरचे पहिले विचार करण्याजोगे वाक्य लिहिले आहे, आणि ते माझ्या बाजूचे आहे, हे मी नम्रपणे नोंदवतो.

गरियाहाटची_सून

आपल्या बाजूचे मुळीच नाही. मालिका बंगालीतून आली याचा आपल्याला राग आहे. मला राग आहे तो सगळीकडे तीच मोजपट्टी लावली गेल्याचा. तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड, सगळ्यांनी ही गोष्ट घेतली. मराठी लेखकाने मूळ कथा लिहिली असती, तरी गुरुवार त्यालाही चुकला नसता.

शीवकर

ठीक आहे, जून गुहावर अन्याय झाला, असे लिहून देतो. स्टॅम्प पेपर कोणी आणायचा ते ठरवा. पण लांबणीच्या बाबतीत मी तसूभरही मागे हटणार नाही. याच गोष्टीची हिंदी आवृत्ती, जुलै २०२० मध्ये सुरू झालेली ‘अनुपमा’, तर आपली ‘आई’ संपल्यानंतरही चालूच राहिली. मूळ मालिकेने अडीच वर्षांत दुकान बंद केले होते.

ठाणेकर_ताई

बंद केले ते तुमच्यासाठी. माझी बहीण मराठीतली शेवटच्या भागापर्यंत पाहत होती, आणि लांबली म्हणून तिने एकदाही तक्रार केली नाही.