पळत होता म्हणून गोळी?
भाऊ, अटकेच्या वेळी आरोपी पळाला म्हणून गोळी घातली ते बरोबरच, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. अटक, तपास कसा करायचा हे सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43 विरोध मोडायला बळ वापरू देतं. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, तिथे जीव घेण्याचा अधिकार देत नाही. त्याने गावठी कट्टा रोखला असेल तर स्वसंरक्षण पोलिसांनाही आहेच. मग जखम छातीत आहे की पाठीत, गोळी किती जवळून झाडली, हे शवविच्छेदनात तपासा ना! आणि अशा मृत्यूचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच बजावलंय. 2004 मध्ये आपल्या नागपुरात अक्कू यादव या गुंडाला जमावाने भर कोर्टात मारलं. त्याच्या हातून कस्तुरबा नगर वस्तीतल्या बायांनी काय सोसलं होतं ते मला कळतं. पण पोलिसांच्या हातात सरकारी पिस्तूल आहे, त्यांना प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावाच लागेल. तो येण्याआधीच हारतुरे घेऊन ठाण्यावर कशाला जाता?